वाट सोडणाऱ्यांचा अपराध

१२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोट मालिकेचा विषय निघाला की मराठी घराघरांत काही नावे न अडखळता उच्चारली जातात. दाऊद इब्राहिम, टायगर मेमन, २०१५ साली नागपूरच्या कारागृहात फासावर गेलेला याकूब मेमन. त्यांच्या पाठीशी उभी असलेली पाकिस्तानची आयएसआय. त्यात वावगे काही नाही. कट त्यांचा होता आणि त्या शुक्रवारी दुपारी दोन-सव्वादोन तासांत बारा ठिकाणी मिळून जे २५७ जीव गेले व ७१३ माणसे जखमी झाली, त्यांचे पाप प्रथम त्यांच्याच माथी आहे. मात्र एक प्रश्न या चर्चेत सहसा कोणी विचारीत नाही. शेअर बाजारात, कथा बाजारात, सेंच्युरी बाजारात, प्लाझा चित्रपटगृहात आणि झवेरी बाजारात जे आरडीएक्स फुटले ते मुंबईत आकाशातून पडले नव्हते. ते समुद्रमार्गे रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरले, वाहनांत भरले गेले आणि दीडशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता तुडवून महानगरात पोहोचले. त्या रस्त्यावर पोलिसांची चौकी होती, सीमाशुल्क खात्याचे अंमलदार होते, नाकाबंदीही होती. तरीही माल पोहोचला. ज्यांनी तो अडवावयाचा होता त्यांची नावे आज किती जणांना आठवतात?

निकालपत्रात ती नावे आहेत. टाडा न्यायालयाने ज्या १०० आरोपींना दोषी ठरविले त्यांत सीमाशुल्क खात्याचा एक अतिरिक्त कलेक्टर, त्याच्या हाताखालचे काही अधिकारी, श्रीवर्धन पोलीस ठाण्याचा एक फौजदार आणि काही शिपाई यांचा समावेश होता. दहशतवादी कृत्यास साह्य केल्याचा ठपका त्यांच्यावर आला आणि त्यांतील वरिष्ठाला जन्मठेप झाली. ही माणसे सीमेपलीकडून आलेली नव्हती. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, बरेचसे चांगले मराठी बोलणारे होते. त्यांच्या अंगावर सरकारी गणवेष होता आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यांना सरकारी तिजोरीतून वेतन मिळत होते.

घडले काय, ते थोडक्यात असे. ९ जानेवारी १९९३ रोजी श्रीवर्धन तालुक्यातील दिघीच्या धक्क्यावर चोरटा माल उतरला. तो घेऊन निघालेल्या मालमोटारी गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविल्या. येथवर सारे कायद्याप्रमाणे झाले. पुढे मात्र घासाघीस सुरू झाली. रोख रक्कम जवळ नव्हती म्हणून चांदीच्या पाच विटा तारण म्हणून पोलिसांच्या हवाली करण्यात आल्या आणि वाहने मार्गस्थ झाली. तारण! सावकाराच्या पेढीवर शोभावा असा हा शब्द, आणि तो वापरावा लागतो कायद्याच्या रक्षकांनी रस्त्यावर केलेल्या व्यवहारासाठी. त्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, त्याच तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर टायगर मेमनच्या माणसांनी दोन वेळा माल उतरविला. या खेपेस शस्त्रास्त्रे, हातबॉम्ब आणि आरडीएक्स होते. टोळीच्या बोलीत त्याला ‘काला साबुन’ म्हणत. ११ मार्चच्या रात्री माहीमच्या अल हुसैनी इमारतीच्या आवारात हाच साबण मोटारींत आणि स्कूटरींत भरला जात होता.

हे इतके सहज कसे झाले, हे समजण्यास कोकण किनाऱ्याचा त्यापूर्वीचा पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याच्या व्यवहारावर बंधने आली आणि दुबईहून निघणाऱ्या मचव्यांना सुगीचे दिवस आले. सोने, घड्याळे, परदेशी कापड, पुढे चांदी. माल उतरविण्यास ‘लँडिंग’ हा शब्द किनाऱ्यावरच्या अशिक्षित माणसाच्याही तोंडी रुळला. लँडिंगला गडी लागत, बैलगाड्या लागत, नंतर टेम्पो लागले. एका रात्रीच्या हमालीचे जे पैसे मिळत ते चार दिवसांच्या मजुरीहून अधिक असत. आणि प्रत्येक खेपेमागे ‘वरपर्यंत’ पोहोचवावयाचा वाटा ठरलेला असे. १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, पण त्याने निर्माण केलेली यंत्रणा रद्द झाली नाही. वाटा ठरलेलेच राहिले, वाटेवरची माणसेही तीच राहिली. टायगर मेमनला नवी वाट शोधावी लागली नाही. वर्षानुवर्षे मळलेल्या वाटेने त्याने फक्त वेगळे ओझे नेले.

‘आम्हांला वाटले चांदीच आहे,’ हा अशा प्रसंगी सुचणारा पहिला बचाव. वरवर पाहता तो अगदीच खोटा वाटत नाही. लाच घेणाऱ्या शिपायाला झवेरी बाजारात माणसे मारावयाची नव्हती, हे मान्य करावयास हरकत नाही. मग त्याचा अपराध नेमका कोणता? लाचखोरीचा, की २५७ हत्यांना साह्य केल्याचा? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने खटल्याच्या आरंभीच, १९९६ साली, विचार केला. सीमाशुल्क खात्याच्या त्या अतिरिक्त कलेक्टरने आपल्यावरील आरोपच रद्द व्हावेत अशी मागणी केली होती. त्या निकालातील विवेचन कायद्याच्या विद्यार्थ्यांनीच नव्हे, सामान्य नागरिकांनीही समजून घ्यावे असे आहे.

न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा: कटात सहभागी ठरविण्यासाठी बेकायदा कृत्याची जाणीव असावी लागते. पण जी वस्तू कोणत्याच कायदेशीर कामास येऊ शकत नाही, तिच्या बाबतीत तिचा नेमका कोठे व कसा उपयोग होणार होता हे आरोपीस ठाऊक होते, असे सिद्ध करण्याची गरज नाही. उदाहरण घेऊ. किराणा दुकानदाराने गूळ विकला आणि गिऱ्हाइकाने त्याची हातभट्टीची दारू गाळली, तर दुकानदारास गुन्हेगार म्हणता येणार नाही. गुळाचे लाडूही होतात. आरडीएक्सचे लाडू होत नाहीत. ते कोणत्या इमारतीखाली फुटणार हे माहीत नसले, तरी ते फुटण्यासाठीच आले आहे हे समजण्यास फार बुद्धी लागत नाही.

प्रश्न उरतो तो आत आरडीएक्स आहे याची कल्पना होती का, एवढाच. त्याचेही उत्तर कागदोपत्री होते. जानेवारी १९९३ च्या अखेरीस सीमाशुल्क खात्यात वरिष्ठांकडून लेखी सूचना आली होती. चोरट्या सोन्याचांदीबरोबर स्वयंचलित शस्त्रे उतरविण्याचा आयएसआयचा बेत असून मुंबईच्या आसपास, श्रीवर्धन आदी किनाऱ्यांवर येत्या काही दिवसांत हे घडू शकते, असा तिचा मथितार्थ. अशी सूचना हाती असता नाकाबंदी झाली खरी. मात्र शेखाडीहून मुंबईकडे निघणाऱ्या वाहनांना ज्या साई–मोर्बा–गोरेगाव फाट्यावरून जावे लागे (हे गोरेगाव रायगडातले, मुंबईचे उपनगर नव्हे) तेथे पहारा नव्हता. पहारा बसला दुसऱ्याच ठिकाणी. नकाशा ज्याला वाचता येतो अशा अधिकाऱ्याने नेमका हवा तो रस्ता मोकळा ठेवावा, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाला आरोप निश्चित करण्यास पुरेशी वाटली. नाकाबंदी केल्याची नोंद दप्तरी राहते आणि माल सुखरूप पुढे जातो! नोकरशाहीचे हे कसब कौटिल्यालाही अपरिचित नव्हते. राजद्रव्याचा अपहार करण्याचे चाळीस प्रकार त्याने अर्थशास्त्रात मोजून ठेवले आहेत. नाका चुकीच्या फाट्यावर लावण्याचा एकेचाळिसावा प्रकार त्यात घालावयास हरकत नाही.

ज्या पाण्यावर दिघीचा धक्का आहे, त्याच राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी जंजिरा आहे आणि थोड्या अंतरावर समुद्रात, सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पद्मदुर्गावरच्या आरमारी लोकांसाठी धान्य व पैका पोहोचविण्याची आज्ञा असता सुभेदाराने ती पाळली नव्हती. त्याने शत्रूला दुर्गाचा दरवाजा उघडून दिला नव्हता की तलवार उपसली नव्हती. त्याने केवळ रसद वेळेवर पाठविली नाही. पण महाराजांनी त्याला दफ्तरदिरंगाई म्हटले नाही. सिद्दीने काही देऊन तुला आपला चाकर केले असेल, असा थेट संशय त्यांनी व्यक्त केला आणि ब्राह्मण म्हणून कोणी गय करील या भ्रमात राहू नये, अशी समजही दिली. कामात कुचराई करणारा आणि शत्रूची चाकरी करणारा यांच्यातील अंतर सीमेवर किती कमी असते, हे त्या राजाला नेमके कळले होते. गोंडघर फाटा त्या किल्ल्यापासून दूर नाही. तीनशे अठरा वर्षांनी त्याच परिसरात तोच प्रश्न उभा राहिला आणि या वेळी चांदीच्या विटा खरोखरीच हाती पडल्या होत्या.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. फाट्यावरचा शिपाई आकाशातून आलेला नसतो, तो कोणाच्या तरी घरातून कामावर जातो. त्या घरात त्याच्या पगारात न बसणाऱ्या वस्तू येतात तेव्हा कोणी काही विचारते काय? मुलीसाठी स्थळ पाहताना ‘पगार किती’ या प्रश्नापाठोपाठ हलक्या आवाजात ‘आणि वरचे?’ असे विचारणारी सुसंस्कृत, देवधर्म करणारी, मुलांना शुभंकरोति शिकविणारी कुटुंबे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. चिरीमिरी, चहापाणी, वरकमाई, वजन ठेवणे, हात ओले करणे — एका पापाला मराठीने किती मायेची नावे दिली आहेत! सीमाशुल्क किंवा विक्रीकर खात्यात नोकरी लागली म्हणजे पेढे अंमळ जास्तच वाटले जात, ते काही खात्याच्या वेतनश्रेणीच्या आनंदात नव्हे. दहशतवादाविरुद्ध सभेत घोषणा देणारा गृहस्थ घरी येऊन आपल्या मेहुण्याच्या ‘चांगल्या पोस्टिंग’चे कौतुक करतो, तेव्हा त्या दोन गोष्टींत काही नाते आहे हे त्याच्या मनातही येत नाही. रायगडच्या किनाऱ्यावर ते नाते उघडे पडले. लाच देऊन जी वाट उघडते, ती लाच देणाऱ्याने कोणता माल न्यावा हे ठरविण्याचा अधिकार लाच घेणाऱ्याकडे उरत नाही.

याच पोलीस दलातील एका दुसऱ्या नाकाबंदीची आठवण येथे अपरिहार्य आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे उभे होते. हातात काठी, समोर स्वयंचलित रायफल घेतलेला अजमल कसाब. ओंबळे यांनी रायफलीची नळी घट्ट धरून ठेवली, देहाची चाळण झाली तरी सोडली नाही आणि कसाब जिवंत हाती लागला. त्या एका पकडीमुळे पाकिस्तानचा सहभाग जगापुढे सिद्ध करता आला. खटला चालला, अपिले झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कसाबला फाशी झाली. म्हणजे गुन्ह्यापासून शिक्षेपर्यंत चार वर्षे. ओंबळे यांना अशोकचक्र मिळाले. गोंडघरच्या शिपायांचे वेतनही ओंबळेंच्या वेतनाच्याच जातीचे होते, त्यांनाही घरसंसार होता. तेव्हा ‘पगार पुरत नाही, माणूस काय करणार’ ही नित्याची सबब निदान या दोन नाक्यांच्या तुलनेत टिकत नाही.

१९९३ च्या खटल्याला मात्र असे भाग्य लाभले नाही. तपासाची सुरुवात चांगली झाली होती. वरळीत बेवारस सापडलेल्या मारुती व्हॅनवरून पोलीस काही तासांतच मेमन कुटुंबाच्या दारापर्यंत पोहोचले. पण टायगर त्याच दिवशी पहाटे देश सोडून गेला होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये १८९ जणांविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले, १९९५ मध्ये खटला उभा राहिला, ६८४ साक्षीदार तपासले गेले. निकालाचे वाचन सुरू झाले ते सप्टेंबर २००६ मध्ये आणि अखेरची शिक्षा सुनावली गेली ती जुलै २००७ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय २१ मार्च २०१३ चा. स्फोटात ज्याचा बाप गेला ते पाळण्यातले मूल तोवर वीस वर्षांचे झाले होते. त्या निर्णयाने पाकिस्तानवर ठपका ठेवलाच, शिवाय आपल्या किनाऱ्यावरील यंत्रणांच्या अपयशावरही कठोर ताशेरे ओढले. आश्चर्य हे की वृत्तपत्रांची पहिली पाने त्या दिवशी व्यापली एका चित्रपट अभिनेत्याच्या पाच वर्षांच्या शिक्षेने. बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्या नटाला दया दाखवावी की नाही यावर आठवडाभर चर्चा झडल्या. ज्यांच्यामुळे ती शस्त्रे किनाऱ्यावरून आत आली त्यांच्याबद्दल कोणाला दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत.

विलंबाचा फटका एकट्या मृतांच्या आप्तांनाच बसतो असेही नाही. याच खटल्यात २३ जण निर्दोष सुटले. त्यांतील काहींची तारुण्याची वर्षे तुरुंगात गेली होती. ती त्यांना कोणी परत दिली नाहीत. आणि त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीतील दंगलींत मुंबईत सुमारे नऊशे माणसे, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, मेली. श्रीकृष्ण आयोगाने स्फोटांचा त्या दंगलींशी संबंध जोडला. त्यावर मतभेद असू शकतात आणि कोणत्याही दंगलीने सेंच्युरी बाजारातल्या बसमधील प्रवाशांची हत्या क्षम्य ठरत नाही. पण त्या नऊशेंपैकी बहुतेकांच्या मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही, हे वास्तव आहे आणि न्यायाची मागणी करणाऱ्याने ते सोयीने विसरता येणार नाही.

खटल्याचा दुसरा भाग तर त्याहून लांबला. अबू सालेमला २००५ साली पोर्तुगालमधून आणण्यात आले, तेही पंचवीस वर्षांहून अधिक शिक्षा होणार नाही या हमीवर. त्याच्यासह सहा जणांना जून २०१७ मध्ये दोषी ठरविण्यात आले, म्हणजे स्फोटांनंतर चोवीस वर्षांनी. त्यांतील मुस्तफा डोसा, ज्याच्या भावाच्या मालाने दिघीचा धक्का पाहिला होता, शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच मरण पावला. दाऊद आणि टायगर मेमन अद्याप भारतीय न्यायालयापुढे उभे राहिलेले नाहीत. त्यांना आणण्याची मागणी व्हावी, जोराने व्हावी.

पण ज्या फायली भारतातच, दिल्लीतच आहेत, त्यांचे काय? स्फोटांनंतर चार महिन्यांत, जुलै १९९३ मध्ये, केंद्र सरकारने तत्कालीन गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. गुन्हेगारी टोळ्यांना सरकारी अधिकारी आणि राजकीय पुढारी यांच्याकडून कसे संरक्षण मिळते, हे तिने पाहावयाचे होते. समितीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपला अहवाल दिला. तो जवळजवळ दोन वर्षे कपाटात पडून होता आणि ऑगस्ट १९९५ मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला, तेव्हा हातात आली ती मोजकी पाने. त्यांत टोळ्यांनी जणू समांतर सरकार उभारल्याची कबुली होती, एकाही लाभार्थी अधिकाऱ्याचे वा पुढाऱ्याचे नाव नव्हते. अहवालाची सहपत्रे जाहीर करावीत म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९७ मध्ये न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही. त्यानंतर केंद्रात सर्व प्रमुख पक्षांची सरकारे आली, काही गेली, काही पुन्हा आली. विरोधी बाकांवर असताना प्रत्येकाला व्होरा समितीची आठवण झाली. गोंडघर फाट्यावरचा शिपाई शिक्षा भोगून आला. त्याच्या वरच्या वाटेकऱ्यांची ती सहपत्रे गृहमंत्रालयाने कधी संसदेच्या पटलावर ठेवली नाहीत.